घरं बदलली, म्हैस ऐकेना

दुसऱ्याच्या घरात राहायला मिळालं की मी आधी डबे उघडून बघते. सवय चांगली नाही, मला कळतं, पण डबे बघितल्याशिवाय मला माणूस कळत नाही. कोण साखर कशात ठेवतं, कुणाच्या मिसळणाच्या डब्यात जिऱ्यात मोहरी सांडलेली असते, शिळ्या भाकरीचं कोण काय करतं, यातून जे समजतं ते तासन्‌तास गप्पा मारून समजत नाही. म्हणून माझ्या थोरल्या जावेनं मोहोळजवळची आपली वस्ती माझ्या ताब्यात दिली आणि त्या सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर राहायला निघाल्या, तेव्हा मी तोंडावर काळजी दाखवत होते खरी, पण आतून मला उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या घरी मी गेले ती सणावाराला, पाहुणी म्हणून. पाहुणीला डबे कोण उघडू देतं?

जावेला मी अक्का म्हणते. थोरले भाऊजी वारल्यापासून अक्का वस्तीवर एकट्याच. वस्ती म्हणजे गावापासून लांब, रानातच बांधलेलं घर. दोन खोल्या, पुढं पत्रा, बाजूला गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, तिकडंच खोली घेऊन बायकोबरोबर राहतो. अक्कांचे गुडघे गेले होते. ऑपरेशन करायचं ठरलं आणि डॉक्टरांनी बजावलं की नंतर काही आठवडे उकिडवं बसायचं नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत, रोज व्यायाम करून घेणारा माणूस घरी आला पाहिजे. वस्तीवरचा संडास बसायचा, तोही घरापासून लांब. आमच्याकडं लिफ्ट आहे, कमोड आहे, व्यायामवाला पोरगा शेजारच्या गल्लीत आहे. पण फ्लॅट एका बेडरूमचा. एवढी माणसं मावायची कुठं?

"आपण वस्तीवर जाऊ," आमचे हे म्हणाले. "वहिनी, पोरगा, सून, तिघं आपल्या घरी राहतील." नोकरीतून सुटल्यापासून ह्यांना रानाचे डोहाळे लागलेले. सकाळी उठून पेपर वाचतात आणि पेपराआडून म्हणतात, गावाकडची हवाच वेगळी. लहानपणी तिथं वाढलेत ना! मी एरवी सरळ नाही म्हणाले असते. या वेळी मी लगेच हो म्हटलं आणि हे चकित झाले. डब्यांचं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

अडचण एकच होती, ती म्हणजे म्हैस. ती पंढरपुरी, लांबलचक शिंगांची, आणि डोक्यानं माझ्यासारखी. तिचं रेडकू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं होतं. रेडकाविना म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. पण अक्कांनी तिला कसं कोण जाणे वळवलं होतं. ती फक्त अक्कांना धार द्यायची. दुसरं कुणी बादली घेऊन आलं की लाथ.

ऑपरेशनच्या आधी मी काही दिवस अक्कांजवळ जाऊन राहिले, धार शिकायला. तशी मी होटगीची, रेल्वेत कामाला असलेल्या माणसाची पोर. शेजारच्या गायीची धार लहानपणी काढलेली. अक्कांनी खुंटीवरची एक जुनी साडी मला अंगावर घ्यायला लावली आणि स्वतः म्हशीच्या मानेजवळ उभ्या राहिल्या. म्हशीनं मला हुंगलं, एक सुस्कारा सोडला आणि दूध दिलं.

"ही साडी घातल्याबिगर हिच्यापाशी बसू नगं," अक्का म्हणाल्या. मग इकडंतिकडं बघून, मुलगा जवळ नाही याची खात्री करून म्हणाल्या, "ती आटली तर पोरगं तिला इकनार. म्हस गेली की मला हितं राहू देनार न्हाईत. एकटी कशापायी ऱ्हातीस म्हनतील. आता म्हनता येतं, म्हशीचं कोन बगनार. तेवढंच हाय माज्याकडं. संबाळ बाई."

त्या कधी मला संभाळ म्हणाल्या नव्हत्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही नुसते गुडघे बघा. म्हैस माझ्यावर." जीभ आपली सैल असते माझी.

अक्का गेल्या आणि मी डब्यांना हात घातला. काय काय कळलं! अक्का चहापत्ती पितळी डब्यात ठेवतात आणि साखर त्याहून मोठ्या डब्यात. शेंगाची चटणी दोन प्रकारची, एक घरची आणि एक पाहुण्यांची. घरची तिखट, पाहुण्यांची मवाळ. म्हणजे इतकी वर्षं मी मवाळ चटणी खात आले होते! कडक भाकरी फडक्यात बांधून शिंक्यावर. आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली, तर तिच्यात मी. म्हणजे मी दर दिवाळीला दिलेलं सगळं. मिक्सर खोक्यातच. नॉनस्टिकचा तवा कागदात. काचेचे बाऊल, त्यांवर दुकानाचं लेबल तसंच. मला असा राग आला म्हणता! दुकानं पालथी घालून आणलेल्या वस्तू, आणि बाईसाहेबांनी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता.

"बघितलंत का?" मी ह्यांना मिक्सर दाखवला. "तुमच्या वहिनींना माझ्या वस्तूंचा विटाळ होतो."

"लाईट कुठं असते इथं," हे म्हणाले आणि हुरड्यासाठी कोवळी कणसं बघायला रानात निघून गेले.

पण पेटीपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीनं झोपू दिलं नाही. पलीकडच्या वस्तीवर शेळ्या-मेंढ्या राखणारं कुटुंब आहे. त्यातली बाई रोज अर्धा लिटर दूध न्यायला यायची. ती एकदा म्हणाली, "तुमी आल्यापासनं गोठा लई गप गप हाय की. तुमची जाव धारंला बसली की कवाधरनं बोलत ऱ्हायची."

"कुणाशी?"

"म्हशीसंगट. आनि कुनासंगट?"

"काय बोलायची?"

"ते न्हाय ठावं बाई. कोन जवळ आलं की गप व्हायची."

झालं. आता मला ते कळल्याशिवाय चैन पडेना. त्याच संध्याकाळी मी फोन केला. ऑपरेशन झालं होतं, अक्का आमच्या दिवाणवर पडून होत्या. तब्येत विचारली, पाय विचारला आणि हळूच विचारलं, "अक्का, धारेच्या वेळी तुम्ही म्हशीला काय सांगता हो?"

"काय न्हाय. आपलं हा हा म्हनायचं."

"शेजारीण म्हणते खूप बोलता."

"तिला काय कामधंदा न्हाय," अक्का म्हणाल्या आणि फोन सुनेकडं दिला. म्हणजे नक्कीच काहीतरी होतं.

मग घडलं ते माझ्या स्वच्छतेमुळं. ती खुंटीवरची साडी मी रोज अंगावर घेत होते आणि रोज नाकाला पदर लावत होते, माझाच. शेण, मूत, पेंडीचं आंबोण, दूध, घाम, सगळं त्या साडीत मुरलेलं. काठ तर कडक झाले होते. मला वाटलं, बिचाऱ्या अक्का, गुडघ्यांपायी धुणं होत नसेल त्यांच्याकडून. त्या परत येतील तेव्हा साडी स्वच्छ दिसली पाहिजे. रविवारी मी ती गरम पाण्यात भिजवली, सोलापूरहून आणलेली पावडर टाकली, ब्रशनं घासली, आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं ते गुलाबी औषध टोपणभर घातलं. उन्हात वाळली तेव्हा तिचा मूळचा रंग दिसला. हिरवा होता! मला अगदी धन्य वाटलं.

हे रानातून आले, दोरीवरची साडी बघितली आणि जागच्या जागी थांबले.

"अगं काय केलंस हे?"

"धुतली. का? धुवायची नसते का?"

"धारेचं लुगडं आहे ते! धारेचं लुगडं कुणी धुतं का? नुसत्या पाण्यातनं काढायचं फार तर. वासावर असतं जनावर." आणि मग ह्यांना हसू यायला लागलं. "फुलांचा वास येतोय गं याला!"

"मग आधी सांगायचं होतं!" मी ओरडले. "रोज बघत होता ना मी नाक धरत होते ते? तोंड शिवलं होतं का?" खरं म्हणजे ह्यांना दोष द्यायचं काही कारण नव्हतं. पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी म्हशीनं ती साडी हुंगली, मान झटकली आणि बादली उडवली. मी परत बसले, परत उडवली. तिसऱ्यांदा हे बसले, लहानपणी इथंच वाढलोय म्हणत, तर ते बादलीसकट शेणात. दुसऱ्या दिवशी कसंबसं तांब्याभर दूध निघालं. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. कास तटतटलेली दिसायची, पण दूध खाली येईना. हे म्हणाले, असंच चाललं तर आठवड्याभरात आटेल. मी साडी शेणात घोळली. हो, अक्षरशः घोळली, आंबोणाचं पाणी शिंपडलं, गोठ्यात रात्रभर अंथरून ठेवली. काही उपयोग नाही. शेण कुणाचंही असतं, साडीतला माणूस निघून गेला होता.

पुतण्याला सांगावंच लागलं. त्याला म्हटलं, तुझ्या आईची अंगावरची एखादी साडी आण, न धुतलेली. त्यानं आणली. पण अक्कांच्या पायाला दिवसातून दोनदा मलम चोळत होते. साडीला अशी मलमाची झाक होती की म्हैस शिंकलीच.

"काकू, इंजेक्शन मिळतं पान्ह्याचं," पुतण्या म्हणाला. "पण आईला खपत नाही ते. आणि खरं सांगू का, जाऊ दे. एवढा खर्च करून गुडघे बसवले ते काय परत शेणात बसायला? आटली तर आटली. मोहोळच्या बाजारात उभी करतो. एक माणूस बघूनसुद्धा जातो म्हणतोय."

"तू माणूस आणूनच बघ," मी म्हटलं. "बादलीनं मारीन."

पोरगा वाईट नाही. आईच्या काळजीनंच बोलत होता. पण अक्कांचा चेहरा मला दिसत होता, तेवढंच हाय माज्याकडं म्हणतानाचा. आणि हे सगळं माझ्या टोपणभर गुलाबी औषधानं झालेलं. मला रडू यायला लागलं. मी गोठ्यात जाऊन रडले, म्हणजे ह्यांना दिसू नये. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

मग डोक्यात आलं, वास गेला तरी आवाज आहे की! मी फोन लावला आणि अक्कांना सगळं सांगितलं. साडी धुतल्याचंही. मग अक्का म्हणाल्या, "पावडर घातलीस?"

"घातली."

"अगं माज्या बाई," अक्का म्हणाल्या. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन गव्हाणीत ठेवला, स्पीकर लावला आणि बादली घेऊन बसले.

"अक्का, बोला आता."

"काय बोलू?"

"रोज काय बोलता तेच."

"तुज्याम्होरं?"

"मी ऐकत नाही."

"मग कान घरात ठिवून आलीस व्हय?"

"मी कान झाकले तर धार कुणी काढायची? बोला की हो!"

अक्का खाकरल्या. "ए बाय," त्या म्हणाल्या. "आलं का माजं सोनं. हा. हा." म्हशीचे कान फोनकडं वळले. रवंथ थांबलं. पण दूध नाही. अक्का नुसतंच हा हा म्हणत होत्या, फोटो काढताना माणसं हसतात तसं अवघडून. मी गप्प बसून कासेला हात फिरवत राहिले. हळूहळू अक्कांचा आवाज खाली आला. मी आहे हे त्या विसरल्या असाव्यात.

"पायाचं काय सांगू तुला. यायाम करायला एक पोरगं येतंय, दांडगं. पाय असा वाकवतंय की जीव जातोय, आनि म्हनतंय आजी हसा. कशापायी हसू? लिफ्टात बसले तर पोटात गोळाच आला. सून गुनाची हाय, पर च्यात साकरच घालत न्हाय." म्हशीनं मान खाली घातली. "खाली बाया बसत्यात, तेलगू बोलनाऱ्या. मला खुर्ची देत्यात. त्यांचं मला कळत न्हाय, माजं त्यांस्नी कळत न्हाय, पर बरं वाटतंय. आन धाकटीचं सांगू का तुला?"

धाकटी म्हणजे मी. माझे हात थांबले.

"घर दिलं तिनं, न्हाय म्हनून चालायचं न्हाय. पर मी माजं समदं घर उगडं टाकून आले. पेटीला कुलूप न्हाय घातलं. आन हितं यून बगती तर हिच्या कपाटाला कुलूप. किल्ली घिऊन गेलीया. मी काय तिची साडी नेसनार हुते? लई वाईट वाटलं मला. कुनाला सांगू? पोराला सांगितलं तर म्हनंल, आई तुजं आपलं कायबी असतं. ती धाकटी दर दिवाळीला यिती, भांडं आनती, च्या पिती, घड्याळ बगती. भांड्याला काय करू मी? दोन घटका बसली असती तर..."

आणि म्हशीनं पान्हा सोडला. सड भरून आले, पहिली धार बादलीच्या तळावर वाजली. मला अक्कांना मध्येच तोडून शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. घड्याळ मी बघत होते कारण शेवटची एसटी चुकली असती. कुलूप मी अविश्वासानं लावलं नव्हतं, गावाला जाताना गॅस बंद करायचा, नळ बघायचा, कपाट लावायचं, हे हातच आपोआप करतात. हे सगळं खरं होतं. किल्ली पर्समध्ये टाकताना मी एकदा थांबले होते, हेही खरं होतं. पण बोलले असते तर दूध थांबलं असतं. मी ओठ दाबून धार काढत राहिले आणि पलीकडं अक्का माझी एकेक गोष्ट म्हशीच्या कानावर घालत राहिल्या. भाऊजी गेले तेव्हा मी सगळ्यांना चहा करून दिला, पण त्यांच्याजवळ येऊन बसले नाही, हेसुद्धा. बादली भरली. मला राग आला होता, लाज वाटत होती आणि दूध आल्याचा आनंदही होत होता. कशाकशाचं तोंड धरू?

"काय म्हणाल्या वहिनी?" ह्यांनी विचारलं.

"म्हशीला विचारा," मी म्हटलं.

संध्याकाळी परत फोन लावला. अक्का पहाटेचं काही बोलल्या नाहीत, मीही नाही. पण बोलणं सुरू होऊन दूध आलं तसा माझा धीर सुटला. मी हळू आवाजात, म्हशीकडंच बघत म्हटलं, "सांग गं तिला, कुलूप सवयीनं लागतं."

म्हैस दचकली नाही. फोनमधून आवाज आला, "सांग तिला, मला बी सवय हाय. माज्या घरात मानूस आला की मी उगडं ठिवती."

"सांग, मिक्सर पेटीत ठेवायला देत नाहीत."

"सांग, हितं लाईट कवा असती ते बगितलंस न्हवं आता?"

"सांग, मला पाहुण्यांची चटणी का वाढली इतकी वर्षं?"

"सांग, बसलीच न्हाय कवा ती घरचीवानी. बसती तर घरची वाढली असती."

मला हसू फुटलं. पलीकडं अक्काही हसत होत्या, असं वाटलं. म्हशीला बिचारीला दोन्ही बाजूंनी निरोप देऊन देऊन आम्ही बेजार केली, पण दूध ती देत राहिली. पुतण्या पुढच्या वेळी आला तेव्हा मी त्याच्याजवळ कपाटाची किल्ली पाठवली. दुसऱ्या पहाटे अक्का म्हशीला म्हणाल्या, "किल्ली आली बग. उगडलं न्हाय मी. उगडायचं न्हवतंच मला."

मग रोजचाच परिपाठ झाला. सकाळ-संध्याकाळ मी धार काढायची आणि अक्कांनी सांगायचं. मला माझ्याच बिल्डिंगची माहिती त्यांच्याकडून कळायला लागली. समोरच्या दारातल्या बाईला पाठीचा त्रास आहे आणि तिची लेक बाळंतपणाला आली आहे. इतकी वर्षं मी तिथं राहते, तिला लिफ्टमध्ये हसते, मला पत्ता नाही! अक्का वॉकर घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसतात आणि सगळ्यांची चौकशी करतात, भाषा येवो न येवो. मला वाटायचं चौकस मी आहे. मी आपली डबेच उघडत बसले होते.

आणि एका संध्याकाळी फोन लागेना. अक्कांना तपासायला दवाखान्यात नेलं होतं, तिथं त्यांचा फोन बंद. म्हैस तटतटून उभी. काय करणार? मीच बोलायला लागले. सुरुवातीला हा हा केलं, मग आपोआप पुढचं आलं. आमच्या ह्यांच्या हुरड्याचं, सोलापूरच्या घरात दुपारी किती शांत असतं त्याचं, माझा मुलगा परदेशात आहे आणि फोनवर तो नेहमी गडबडीत असतो त्याचं. ते मी आजवर कुणालाच बोलले नव्हते, ह्यांनासुद्धा नाही. म्हशीनं कान माझ्याकडं केले आणि दूध सोडलं. भरभरून! मी बादली घेऊन नाचत बाहेर आले.

अक्कांचा फोन लागला तसं मी ओरडूनच सांगितलं, "अक्का, तुमची म्हैस मला पावली! फोनबिन काही लागला नाही. आता तुम्ही निवांत झोपा सकाळी."

"व्हय का," अक्का म्हणाल्या. "बरं झालं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा फोन आला नाही. संध्याकाळी नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर सून म्हणायची, झोपल्यात. मग पुतण्या आला, चांगला खुशीत. "काकू, झकास झालं की! तुम्हाला म्हैस लागली, काकांना रान आवडतंय. तुम्ही दोघं इथंच राहा आता. आई तिकडंच राहील, दवाखाना जवळ. तिला मी तसं बोललोसुद्धा."

"काय म्हणाली आई?"

"काही नाही. म्हणाली, म्हस धाकटीला लागली, आता माजं काय काम तितं." त्यानं हे अगदी सहज सांगितलं. आमचे हे त्याच्या शेजारी बसून मान डोलवत होते. त्यांना तर हवंच होतं.

म्हैस आटली असती तर अक्कांचं घर गेलं असतं. आता म्हैस मला लागली, तरी ते जाणारच. आणि मी ते त्यांना नाचत सांगितलं होतं.

"कुणी कुठं राहत नाही," मी पुतण्याला म्हटलं. "घर तुझ्या आईचं आहे. तिचे पाय चालायला लागले की ती इथं येणार आणि आम्ही जाणार. शेण काढायला आणि वैरणीला गडी लाव, धार ती स्टुलावर बसून काढील. आणि तुम्ही हो, मान डोलवायची बंद करा!" हे दोघं एकमेकांकडं बघायला लागले. पण पुतण्याला पटवून काय उपयोग, ज्या बाईला यायचं होतं तिनंच मनातून घर सोडलं होतं.

त्या संध्याकाळी मी बादली घेऊन बसले. म्हैस आता मला बघूनच तयार व्हायची. धार सुरू झाली, चांगली सरळ, दोन्ही हातांनी. तशातच मी शेजारी दगडावर ठेवलेल्या फोनवर कोपर मारून अक्कांचा नंबर लावला आणि सुनेला म्हटलं, झोपल्या असल्या तर उठव, अडचण झालीय.

"काय झालं?" अक्कांचा आवाज घाबरलेला.

"अक्का, ही देत नाही हो," मी म्हटलं. "अडून बसलीय सकाळपासून. माझं काही ऐकत नाही. तुम्ही बोला."

मी वाट बघत होते, आणि हात आपले चालूच होते.

"खोटं बोलतीस," अक्का म्हणाल्या. "धारंचा आवाज यितोय मला. बादली निम्म्यावर आली."

मी हात थांबवले. म्हशीनं मागं वळून बघितलं.

"थांबू नगं, तिला तरास हुतो," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "बस तितंच. मी येती. आनि मी आल्यावर बी लगीच उठून जाऊ नगंस."

"नाही जात," मी म्हटलं आणि पुन्हा धार सुरू केली.